हुरडा, नान-खलिया आणि वाईन: कोणत्या घासाला कोणता घोट?

खामकाठ
मंडळी, जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात दौलताबादच्या अलीकडे एका शेतावर आठ जणांचं जेवण ठरलंय. दुपारी साडेचारला हुरडा. सोबत लसणाची, जवसाची, तिळाची चटणी, दही आणि गूळ. रात्री आठला नान-खलिया, म्हणजे नान आणि मटणाचा रस्सा. दोघं शाकाहारी आहेत, त्यांना वांग्याचं भरीत, येसराची आमटी आणि ज्वारीची भाकरी. शेवटी मावा जिलेबी. आठांपैकी सहा जण वाईन घेणारे.

वाईनबद्दल जे काही वाचायला मिळतं त्यात चीज असतं, ऑलिव्ह असतात, फार तर पनीर टिक्का. काळं तिखट, दगडफूल, जवस, तर्री यांचं नाव कुणी घेत नाही. म्हणून इथे विचारतोय. कोणत्या पदार्थाला कोणती वाईन, बाटल्या किती, आणि फ्रीज नसलेल्या शेतावर ती गार कशी ठेवायची? तुमच्या आवडीची जोडी सांगताना ती का जमते तेही सांगा.

मन्याड
हुरड्याला सोव्हिन्यों ब्लाँ ही व्हाइट, खलियाला शिराज ही रेड. झालं.

तेरणेची लेक
मन्याड, इतक्यात नाही होत. खलियातली मिरची मध्ये येते.

मिरचीतलं कॅप्सेसिन तोंडातल्या ज्या ग्राहीला (रिसेप्टरला) चिकटतं ती टीआरपीव्ही-१ मुळात उष्णता ओळखण्यासाठी असते. एरवी साधारण ४२-४३ अंशांना ती 'भाजतंय' असा निरोप देते. अल्कोहोल तिचा हा उंबरठा ३४ अंशांच्या आसपास खाली आणतं, आणि तोंडाचं स्वतःचं तापमान असतं ३६-३७. म्हणजे तिखट घासावर १४ टक्क्यांची कोमट रेड घेतली की तोंड आपल्याच उबेनं भाजू लागतं. वर टॅनिनचा, म्हणजे द्राक्षाच्या साल-बियांतून येणाऱ्या घटकाचा, तुरटपणा आला की जीभ खरखरीत होते. लोक म्हणतात वाईन वाईट होती. वाईन ठीक असते, तिचं तापमान आणि मिरची जुळलेली नसते.

तेव्हा आपल्याकडच्या जेवणासाठी द्राक्षाच्या जातीआधी बाटलीवरचा अल्कोहोलचा आकडा वाचा. १२-१२.५ टक्के असेल तर सोपं जातं. टॅनिन कमी हवं. थोडी साखर शिल्लक असलेली वाईन मिरचीला शांत करते. आणि गारवा हवाच, कारण गार घोटानं ती ग्राही काही क्षण तरी गप्प बसते. नाशिककडच्या बऱ्याच शेनिन ब्लाँ या व्हाइटमध्ये किंचित गोडवा ठेवलेला असतो. सुला या नाशिकच्या कंपनीची शेनिन त्यातलीच. ती ८-१० अंशांवर दिली तर लसणाच्या चटणीलाही पुरी पडते.

गुळभेंडी
हुरड्याबद्दल लिहितो.

हुरडा म्हणजे दुधातून नुकताच पिठाळ होऊ लागलेला दाणा. कणीस तोडल्यावर त्यातली साखर हळूहळू पिठात बदलत जाते, म्हणून सकाळी तोडलेलं कणीस संध्याकाळी वेगळं लागतं. शक्यतो तासाभरात आगटीत गेलं पाहिजे. गुळभेंडी किंवा सुरती असेल तर दाणा बोंडातून सहज सुटतो. आगटीत गोवऱ्यांची ज्वाळ विझून निखाऱ्यावर राख चढली की मगच कणसं घाला, दोन-तीन मिनिटांत फिरवा, आणि गरम असतानाच हातावर चोळून पाखडा. ज्वाळेत भाजलं तर वरून करपतं आणि आत कच्चं राहतं. त्या करपटपणाला कोणतीच वाईन जमत नाही.

सोव्हिन्यों ब्लाँ इथे बसते, त्याचं कारण तिचा वास. त्या द्राक्षात पायराझीन नावाचे घटक असतात. ढोबळी मिरचीचा किंवा हिरव्या गवताचा जो वास येतो तो त्यांचाच. कोवळ्या ज्वारीचा हिरवा वास त्याच्या शेजारी छान बसतो. पण ताटात गूळ आला की गणित बिघडतं. गुळाच्या खड्यानंतर कोरडी, म्हणजे साखर न उरलेली, सोव्हिन्यों नुसती आंबट, लिंबाच्या पाण्यासारखी लागते. पहिली फेरी हुरडा, तिळाची चटणी, मीठ आणि सोव्हिन्यों. गूळ-दही दुसऱ्या फेरीला काढा आणि तिथे तेरणेची लेक म्हणतात ती शेनिन द्या.

जवसाची चटणी मात्र वाईनपासून जरा लांब ठेवा. जवसाला मुळातच एक कडसर झाक असते, ती रेडमध्ये दुप्पट होते. दह्यात कालवली तर निभते.

बालाघाट
हुरड्याला अंबील असताना वाईन कशाला, हे मला कळेना. मी विरोधासाठी म्हणत नाही. दोन वाट्या ज्वारीचं पीठ चार वाट्या ताकात रात्रभर भिजवून ठेवा, सकाळी चार-पाच वाट्या उकळत्या पाण्यात सतत ढवळत ओता, मंद आचेवर दहा-बारा मिनिटं शिजवा, पूर्ण गार झाल्यावर आणखी दोन वाट्या ताक, ठेचलेला लसूण, जिरं, मीठ. गरम असताना ताक घातलं तर फाटतं. याची आंबट चव, घट्टपणा आणि गारवा तिखटाला जसा धरतो तसा द्राक्षाचा कोणताही रस धरणार नाही. दुधा-ताकातलं केसीन कॅप्सेसिनला बांधून जिभेवरून सोडवतं. वाईनमध्ये ते नाही.

तेरणेची लेक
बालाघाट दादा, केसीनचं शंभर टक्के खरं. ठेच्याला तर ताक, लोणी किंवा दहीच. ठेच्यासाठी वाईन शोधायच्या फंदात कुणी पडू नये. पण अंबील तिखट विझवते आणि वाईन पदार्थाचा वास उलगडून दाखवते, ही दोन वेगळी कामं आहेत. दोन्ही मांडा. वाईन न घेणाऱ्या दोघांना आणि गाडी चालवणाऱ्यांना अंबील लागेलच.

माळवद
आमच्या लातूर-धाराशिवकडे वेळ अमावस्येला शेतात पांडवांची पूजा असते. भज्जी (भाज्यांची आंबटसर मिसळभाजी), उंडे, अंबील, खीर. त्या दिवशी वाईन काढू नका एवढीच विनंती, बाकी हिवाळा मोकळा आहे.

खामकाठ
माळवद, तारीख वेळ अमावस्येनंतरची आहे, आणि पूजेच्या दिवशी तसंही नाही. बालाघाट दादा, अंबील ठरली. आता खलियाकडे येऊ का?

चुलवण
खलियाची कृती देते, कारण वाईन कोणती ते कृतीवर ठरतं. हा पदार्थ महंमद तुघलकानं १३२७ च्या सुमारास राजधानी दौलताबादला आणली त्या काळातल्या लष्करी छावणीशी जोडला जातो. मोठ्या देगीत मटण, तंदुरात नान, शेकडो माणसं जेवतील अशी मांडणी. घरच्या सहा जणांसाठी प्रमाण असं.

दीड किलो मटण हाडांसकट. उस्मानाबादी शेळीचं मिळालं तर उत्तम. चरबी बेताची, रस्सा स्वच्छ येतो. कांदा ४०० ग्रॅम, घट्ट दही २०० ग्रॅम, सुकं खोबरं ६० ग्रॅम, खसखस ३ चमचे, आलं-लसूण वाटण ३ मोठे चमचे, धणेपूड ३ मोठे चमचे, हळद १ चमचा, तेल पाऊण वाटी. करडईचं किंवा शेंगदाण्याचं चालेल. मिरचीत खरी मेख आहे: ब्याडगीची पूड ३ चमचे रंगासाठी आणि तिखट मिरचीची पूड फक्त अर्धा चमचा. नेहमीच्या पद्धतीनं तीन-चार चमचे झणझणीत तिखट घालणार असाल तर वाईनचा विचारच सोडा.

कांदा सोनेरी होईपर्यंत तळा, काळपट होऊ देऊ नका. करपलेल्या कांद्याचा कडवटपणा आणि टॅनिनचा कडवटपणा एकावर एक चढतात. दही फेटून त्यात चमचाभर बेसन मिसळा, पातेलं आचेवरून खाली घ्या आणि दही चमच्या-चमच्यानं घाला. उकळत्या मसाल्यात एकदम ओतलं की दह्यातली प्रथिनं आवळून गुठळ्या होतात आणि रस्सा चोथट दिसतो. मग मटण परता, गरम पाणी घाला, जड झाकण ठेवून मंद आचेवर सव्वा ते दीड तास. कुकरमध्ये चार-पाच शिट्ट्यांत मटण शिजतं, पण तर्री नीट वर येत नाही. शिजल्यावर अर्धा तास न ढवळता ठेवा.

आता वाईनवाल्यांसाठी: वर आलेली तर्री पळीनं वाटीत काढून घ्या आणि वेगळी वाढा. कॅप्सेसिन तेलात विरघळतं, म्हणजे सगळ्यात तिखट भाग त्या तर्रीत असतो. ज्याला हवी त्याने नानवर ओढून घ्यावी. खालचा रस्सा मग वाईनला पुष्कळ सोयीचा होतो.

मन्याड
चुलवणताई, तर्री काढून टाकली तर खलियात राहिलं काय?

चुलवण
टाकायची नाही हो, वाटीत ताटाशेजारीच ठेवायची आहे. आणि चमचा-दोन चमचे रस्स्यावर राहू द्या. तेलाचा पातळ थर टॅनिनला मऊ करतो. सगळं तेल काढलं तर रेड पुन्हा तुरट लागेल.

काळं तिखट
खलियाला ओक पिंपातली शिराज, उदाहरणार्थ सुलाची दिंडोरी रिझर्व्ह. दगडफूल, लवंग, काळी मिरी या सगळ्यांशी तिचा धुरकट, मिरीसारखा वास जुळतो. शिराजमधला तो मिरीचा वास कल्पनेतला नाही, रोटंडोन नावाचा तोच घटक काळ्या मिरीतही असतो. माझ्या मते या जोडीला तोड नाही.

तेरणेची लेक
वासाचं मान्य. पण ओकमधून आणखी टॅनिन येतं, आणि अल्कोहोलही बहुधा १३-१४ च्या घरात. चुलवणताईंच्या अर्ध्या चमच्याच्या खलियाला चालेल, हॉटेलातल्या लाल खलियाला नाही. तिथे मी अकलूजच्या फ्रातेल्ली कंपनीची सांजोव्हेजे ही रेड सुचवेन. सांजोव्हेजेत आंबटपणा चांगला असतो. खलियात दही आहे, आणि पदार्थ आंबट असताना वाईन त्याहून कमी आंबट असली की ती सपक, पाणचट लागते. चिंचेच्या आमटीला आणि भज्जीला हाच नियम.

काळं तिखट
आंबटपणाचा मुद्दा बरोबर. तरी मटणाची प्रथिनं आणि चरबी टॅनिनला बांधून घेतात, आणि नानचा मऊ, किंचित गोड घास मध्ये आहे हे विसरू नका. कोरड्या भाकरीबरोबर तीच शिराज जास्त तुरट लागेल, नानबरोबर नाही. दोन्ही एकेक बाटली ठेवा, ताटावरच निकाल लागेल.

नाथसागर
विषय थोडा बाजूला नेतो, कारण पैठणकडून येणारे हमखास विचारतात. जायकवाडीच्या रोहू-कटल्याला काय?

गोड्या पाण्यातल्या माशाला जो मातकट वास येतो तो जिओस्मिनचा, पहिल्या पावसानंतर मातीला येतो तोच. आम्लात तो घटक मोडतो. म्हणून तुकड्यांना मीठ आणि चिंचेचा कोळ किंवा लिंबू लावून वीस-पंचवीस मिनिटं ठेवा, मग धुऊन मसाला लावा. एक किलोला अर्ध्या लिंबाएवढ्या चिंचेचा कोळ पुरतो. जास्त वेळ ठेवलं तर मांस भुसभुशीत होऊन तव्यावर तुटतं. ज्वारीच्या रव्यात घोळवून तळा, गव्हाच्या रव्यापेक्षा कुरकुरीतपणा जास्त टिकतो. सोबत आंबट, कोरडी व्हाइट: सोव्हिन्यों, नाहीतर रिस्लिंग. रेड नको. माशाच्या तेलाशी रेडमधलं लोह भिडलं की तोंडात गंजल्यासारखी चव राहते.

मरळ असेल तर काटे कमी, रस्सा चांगला. पण काळ्या मसाल्याच्या रस्स्याला रोझे, म्हणजे गुलाबी वाईन, बरी.

द्राक्षबाग
जालन्याकडे कडवंची, इकडे औसा-तुळजापूर पट्टा, इतकी द्राक्षं पिकतात. मग आपल्याच द्राक्षांची वाईन का पिऊ नये? थॉमसन चालत नाही का?

गुळभेंडी
थॉमसन, सोनाका, माणिक चमन या खायच्या जाती. मणी मोठा, साल पातळ, बी नाही. त्यात जिबरेलिक आम्लाच्या फवारण्यांनी मणी आणखी फुगवलेला, म्हणजे रस जास्त आणि साल कमी. वाईनचा रंग आणि टॅनिन येतं साल-बियांतून, वासाचा मोठा वाटाही सालीतच. साखरेचा हिशेब बघा: १८ ब्रिक्सच्या (ब्रिक्स म्हणजे रसातल्या साखरेचं माप) रसातून जेमतेम १० टक्के अल्कोहोल येतं. वाईनची द्राक्षं २२-२४ ब्रिक्सला तोडतात, तिथे १२-१३ मिळतं. शेनिन किंवा शिराजचा मणी बघितलात तर खायला कुणी घेणार नाही: लहान, जाड सालीचा, बिया भरलेल्या.

छाटणी मात्र तीच, एप्रिलमध्ये खरड, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोडी, आणि तोडणी जानेवारी ते मार्च. खरी अडचण उन्हाची आहे. रात्री उबदार झाल्या की मण्यातलं मॅलिक आम्ल झपाट्यानं खर्च होतं. साखर चढते, आंबटपणा उतरतो, वाईन बसकी होते. नाशिक सहाशे मीटरच्या आसपास उंचीवर आहे, तिथल्या गार रात्री हे आम्ल राखतात. मराठवाड्यात करायचंच तर लवकर तोडणारी व्हाइट आणि बालाघाटाच्या माथ्यावरची जमीन. खर्च मोठा आहे, खरेदीचा करार हातात असल्याशिवाय खायची बाग मोडू नये.

द्राक्षबाग
करार आधी. समजलं.

मन्याड
गार कशी ठेवायची ते राहिलंच की.

माळवद
फ्रीज नसेल तर बादली. अर्धा बर्फ, अर्धं पाणी, बाटली मानेपर्यंत बुडलेली. नुसता बर्फ भरला तर तुकड्यांमध्ये हवा राहते आणि हवा उष्णता हळू वाहते, पाणी बाटलीला सगळीकडून भिडतं. दोन मुठी जाडं मीठ टाका, पाणी शून्याच्याही खाली जातं. २५-२६ अंशांची व्हाइट वीस मिनिटांत ९-१० वर येते. बाटली मध्ये दोनदा हलकेच फिरवा. घरच्या फ्रीजमध्ये याच कामाला दोन-अडीच तास लागतात.

उन्हाळ्यात, हवा कोरडी असताना, ओल्या गोणपाटात गुंडाळून वाऱ्यावर ठेवलेली बाटली बाहेरच्या हवेपेक्षा बरीच गार राहते, माठासारखी. पण ४२ अंशांत तेवढ्यानं व्हाइट पिण्यासारखी होत नाही, बर्फ लागतोच.

साठवणीचं: माळवदाच्या घरात जुनं बळद किंवा जाड भिंतीचा कोनाडा असेल तर तिथे ठेवा. तिथे १३ अंश मिळणार नाहीत, पण दिवस-रात्रीचा चढ-उतार नसतो, आणि वाईनला सगळ्यात जास्त त्रास चढ-उताराचा. पाच-सहा महिने निभतं, वर्षं नाही. पत्र्याखाली आणि गाडीच्या डिक्कीत मात्र एक दुपारसुद्धा नको. उकडलेल्या वाईनला शिजलेल्या मनुक्यांचा वास येतो आणि बूच वर सरकतं.

काळं तिखट
दुकानात घेतानाही तेच बघा. बूच किंवा त्यावरची टोपी वर आलेली नको, मानेवर चिकट ओघळ नको, काचेच्या दर्शनी कपाटातली उन्हातली बाटली नको. व्हाइट आणि रोझेवर दोन वर्षांपूर्वीचं साल असेल तर सोडा. आपल्या गावांत माल हळू खपतो. फिरकीच्या झाकणाची बाटली हलकी समजू नका. तिला बुचाचा रोग होत नाही. बूच असेल तर उघडल्यावर वास घ्या, ओल्या पुठ्ठ्याचा किंवा कुजक्या गोणपाटाचा आला तर ती बाटली रस्स्यातही घालू नका, वास जात नाही.

तेरणेची लेक
सगळे उन्हाळ्याचं बोलतायत, पण बेत जानेवारीचा आहे! दौलताबादच्या उघड्या माळावर रात्री पारा झपाट्यानं उतरतो. मग अडचण उलटी. व्हाइटला बर्फ लागेल तो फक्त साडेचार ते साडेसहा. रेड मात्र कडाक्याच्या थंडीत बाहेर ठेवली तर इतकी गार होऊ शकते की वास बंद आणि टॅनिन टोकदार. तिला १५-१६ अंश हवेत. सात वाजल्यापासून बाटल्या खोलीत, घोंगडीत ठेवा. आगटीच्या कडेला नको, एक बाजू तापते. ग्लासात एकतृतीयांशच ओता आणि तळहातात धरा, दोन-तीन मिनिटांत उमलते.

सांजोव्हेजे एक-दोन अंश गार चालेल, ओकवाली शिराज नाही.

खामकाठ
हे लक्षातच आलं नसतं. सगळ्या बाटल्या बर्फाच्या बादलीत टाकायचा विचार होता.

नाथसागर
बसायची जागाही बघा. आगटीचा धूर ज्या बाजूला जातो तिथे बसलं तर ग्लासात धुराशिवाय काही कळत नाही. वारा जिकडून येतो त्या बाजूला बसा. प्लास्टिकचे पेले टाळा, त्यांचा स्वतःचा वास असतो. काचेचे साधे, तोंडाशी किंचित निमुळते पेले पुरेत.

चुलवण
शाकाहारी दोघांचं कुणी बोललंच नाही. भरताचं वांगं निखाऱ्यावर भाजा, गॅसवर नको. काटेरी, हलकं, बिया कमी असलेलं घ्या. हातात जड लागणाऱ्या वांग्यात बिया जास्त. साल काढल्यावर दहा मिनिटं चाळणीत ठेवून पाणी निथळू द्या, नाहीतर भरीत पचपचीत होतं. पाऊण किलोला चार मोठे चमचे जाडसर दाण्याचं कूट, आठ-दहा पाकळ्या लसूण, तीन हिरव्या मिरच्या ठेचून, मूठभर कांद्याची पात, वरून कच्चं करडईचं तेल दोन चमचे. धूर आणि दाण्याच्या तेलकट चवीला रोझे उत्तम, १० अंशांवर. कोरडीच बघून घ्या, काही रोझे बऱ्याच गोड असतात.

येसराच्या आमटीत भाजलेलं धान्य, धणे आणि काळा मसाला, म्हणजे भाजका, खमंग वास. तिला खलियाचीच सांजोव्हेजे द्या, वेगळी बाटली नको. येसर पातळ सोडा, आमटी उकळल्यावर चमचाभर-चमचाभर पाण्यात कालवून घाला. कोरडं टाकलं की गाठी.

मन्याड
आणि मावा जिलेबी? तिथे कोणतीही वाईन आंबटच लागणार.

तेरणेची लेक
वाईन जिलेबीपेक्षा गोड असेल तर नाही लागणार. उशिरा तोडलेल्या शेनिनची गोड वाईन मिळते, सुलाची लेट हार्वेस्ट त्यातली. वेलीवरच द्राक्षं जास्त पिकून साखर दाट होते, पण शेनिनचा आंबटपणा टिकून असतो, त्यामुळे घशाशी येत नाही. माणशी ५०-६० मिली पुरे, ७-८ अंशांवर. जिलेबी मात्र पाकातून काढल्यावर पाच मिनिटं जाळीवर निथळवा. पाकानं थबथबलेली असेल तर तिच्याहून गोड वाईन या जगात नाही. पाकच नको असेल तर कुंथलगिरीचा पेढा घ्या, जोडी आणखी सोपी.

बालाघाट
मेमध्ये केशर आंब्याच्या फोडींबरोबर हीच गोड वाईन बघा. आमरसात साखर घालू नका. आणि आमच्या सीताफळाच्या गराला कुठलीही वाईन लावू नका, त्याचा रवाळपणा आणि वास दोन्ही मरतात.

खामकाठ
आता बाटल्यांचा हिशेब करतोय, चुकला तर सांगा. ७५० मिलीत १५० मिलीचे पाच पेले. हुरड्याला एक सोव्हिन्यों, एक शेनिन. जेवणाला एक शिराज, एक सांजोव्हेजे, भरतासाठी एक रोझे. शेवटी एक लहान गोड. सहा जणांत सहा तासांत पाच मोठ्या, म्हणजे माणशी चार पेल्यांच्या थोडं वर.

तेरणेची लेक
जास्त आहे. भरीत खाणारे दोघं वाईन घेणारे आहेत का ते आधी विचारा. घेत नसतील तर रोझे वगळा, शेनिनचाच उरलेला भाग भरताला चालेल. सांजोव्हेजे आधी उघडा, शिराज लागली तरच. उरलेली बाटली बूच घट्ट लावून फ्रीजमध्ये, रेडसुद्धा. तीन दिवस चांगली राहते. सहा जणांत एक मोठा पाण्याचा माठ आणि प्रत्येक वाईनच्या पेल्यामागे एक पाण्याचा पेला.

माळवद
पिण्याचा परवाना ज्याचा त्याने खिशात ठेवा.

चुलवण
नान दुपारीच आणून ठेवणार असाल तर ओल्या फडक्यात बांधा, वाढायच्या आधी तव्यावर एक-एक मिनिट. कोरडा नान तुरट रेड आणखी तुरट करतो.

खामकाठ
दोघंही वाईन घेणारे नाहीत, तर रोझे वगळली. बर्फ शहरातून दुपारी दोनला उचलायचा, शेतावर साडेतीन होतील. पिशवीतला घेऊ की लादी?

माळवद
अर्धी लादी, भुशात किंवा गोणपाटात गुंडाळून. पिशवीतल्या बारीक तुकड्यांना पृष्ठभाग जास्त, दीड तासात निम्मे वितळतील. शेतावर पोचल्यावर मोगरीनं मुठीएवढे तुकडे करा, बादली चारला भरा. गोड वाईनची बाटली मात्र आधीपासून बर्फात ठेवायची गरज नाही, सातला शेताच्या बांधावर ठेवा, रात्री दहापर्यंत हवेनंच निम्मं काम झालेलं असेल. उरलेल्या बर्फात शेवटची दहा मिनिटं.